गोदाम नंबर तीनचा ताबा

सिंदी (रेल्वे), सोमवार, ९ मे १९८८

पोचले एकदाची! पुण्याहून वर्धा, वर्ध्याहून पॅसेंजर आणि स्टेशनापासून सायकलरिक्षा. रिक्षावाल्यानं वाटेत तीनदा विचारलं की मी नवी नर्सबाई का. कॉम्प्युटरवाली आहे म्हटल्यावर त्यानं माझ्या पिशवीकडे असं पाहिलं, जणू यंत्र मी त्यातच घालून आणलंय.

आमच्या कंपनीत बायकांना गावोगाव पाठवत नाहीत. पण मे महिन्यात विदर्भ म्हटल्यावर तिन्ही पुरुष प्रोग्रामरांच्या पोटात एकदम दुखू लागलं, आणि साहेबांना माझी कर्तबगारी दिसली. असो. मला आनंदच झालाय. काम पूर्ण माझं, सही माझी.

चिमीनं मात्र निघताना बोट दाखवून बजावलंय. चार जूनला ती चार वर्षांची होणार, तेव्हा आई घरात पाहिजे. तिचा बाबा, सदा, हसला, पण ती हसली नाही. मी तिला शब्द दिलाय: दोन जूनला निघेन, तीनला घरी.

बोरतीर सहकारी जिनिंग-प्रेसिंग संस्थेचं आवार मोठं आहे. हंगाम संपल्यामुळे यंत्रं गप्प आहेत, पण सरकीचा वास सगळीकडे भरून राहिलाय. मागे पत्र्याची तीन गोदामं ओळीनं उभी आहेत. मॅनेजर लक्ष्मणराव गोल, घामेजलेले, प्रेमळ गृहस्थ. त्यांनी पन्हं दिलं आणि आपलं दुखणं सांगितलं: "मशीन चांगली हाये मॅडम, पण दिवसातून चार डाव मुकी होते." माझी राहायची सोय कांताकडे केलीय. ही वजनकाट्यावरची ऑपरेटर, वीस-बावीसची, चटपटीत. तिची आई देवकाबाई मला बघून म्हणाली की पुण्याला बायांले जेवू घालत नाईत का. भाकर आणि झणझणीत बेसन खाऊन डोळ्यांतून पाणी आलं, तरी दुसरी भाकर मागून घेतली.

मंगळवार, १० मे

दुखणं कळलं. एक कॉम्प्युटर, त्याला चार टर्मिनल. काट्यावर कांता, प्रतवारीला एक, गोदामकीपर रूपराव यांचं एक आणि लक्ष्मणरावांचं एक. एखाद्या नोंदीवर कुणी काम करत असेल, तर यंत्र ती नोंद त्याच्यापुरती लॉक करतं, म्हणजे दोघांनी एकाच आकड्यावर एकदम गिरवागिरव करू नये. दुसऱ्यानं तीच नोंद मागितली की त्याला थांबावं लागतं. हे सगळं क्षणभराचं असायला हवं. इथे माणसं तास-तास थांबतात, आणि नोंद कुणी अडवलीय ते कुणालाच माहीत नसतं.

म्हणून मला एक व्ह्यू बनवायचाय. यंत्राच्या पोटात लॉकची माहिती असतेच, पण ती विखुरलेली आणि आकडेमोडीच्या भाषेत. तिच्यातून हवं तेवढंच, माणसाला कळेल असं दाखवायचं: नोंद कोणती, ताबा कुणाकडे, कोणत्या टर्मिनलवर, किती वेळापासून आणि रांगेत पुढचा कोण. शिवाय या व्ह्यूची माहितीपुस्तिका लिहायची, कारण मी गेल्यावर हे लोक आणि यंत्र आमनेसामने असणार.

लक्ष्मणरावांना समजावलं की व्ह्यू ही खिडकी आहे. खिडकीतून बघता येतं, हात घालता येत नाही. त्यांनी उगाचच कपाटाकडे पाहिलं. मग म्हणाले की दुसरा एखादा दाखला द्या.

शुक्रवार, १३ मे

आज इतकी हसले की कूलरचं पाणी सांडलं.

व्ह्यूचा पहिला कच्चा आराखडा चालू झाला आणि आकड्यांनी चोर पकडून दिला. रोज सगळ्यात लांब लॉक दुपारी एक ते तीनमध्ये! मी घड्याळ घेऊन कांताजवळ बसले. एक वाजला. तिला भूक लागली होती, पण ती उठेना. नोंद तशीच उघडी, पडदा तसाच. दीड वाजता बदली ऑपरेटर आला. कांतानं खुर्चीच्या दांडीवरचा हात काढला नाही. त्यानं दांडी धरली, मोठ्यानं म्हणाला, "घेतलं," आणि तेव्हा कुठे ही जेवायला गेली.

मी विचारलं की नोंद बंद करून उठायला काय होतं? तिनं माझ्याकडे असं पाहिलं जणू मी चूल पेटती ठेवून गावाला जायला सांगतेय. "उघडं टाकून कसं उठाव, मॅडम? घेनारं आलं पायजे ना."

ही इथली जुनी रीत आहे. गोदामाच्या किल्ल्या टेबलावर ठेवायच्या नाहीत, खुंटीला टांगायच्या नाहीत. हातातून हातात द्यायच्या. घेणारा धरून "घेतलं" म्हणेपर्यंत देणाऱ्यानं सोडायचं नाही. तोवर सगळी जबाबदारी त्याची. पन्नास वर्षं असंच चाललंय, आणि कॉम्प्युटर आला तेव्हा लोकांनी तीच रीत त्यालाही लावली. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, इथे अंगण बिचारं सरळ होतं.

सदाला आणि चिमीला पत्रात हे सगळं लिहिलं.

सोमवार, १६ मे

सूचना लावली: उठताना नोंद बंद करावी. दुपारचे लॉक नाहीसे झाले. लक्ष्मणरावांनी सगळ्यांना थंडा पाजला. मला मात्र त्या रीतीची गोडी लागलीय. आता चहाचा कप दिला तरी मी ऐटीत "घेतलं" म्हणते आणि कांता तोंडाला पदर लावून हसते.

फक्त एक लॉक राहिलाय. नोंद: गोदाम नंबर तीन. ताबा कुणाकडे, ते कोरं. टर्मिनल पाच. वेळ तीन वर्षं.

टर्मिनल चारच आहेत आणि यंत्र आलंय जानेवारीत. म्हणजे माझ्याच हिशेबात कुठेतरी तारीख घसरलीय. उद्या बघते. अर्धवट काम मला सहन होत नाही, सदा त्याला माझा आजार म्हणतो.

मंगळवार, १७ मे

तारीख घसरलेली नाही. तीनदा तपासलं. काल बरोबर तीन वर्षं होती, आज तीन वर्षं एक दिवस. सुरुवात १६ मे १९८५, दुपारी बारा वाजून दहा मिनिटं. यंत्राच्या मागे पाहिलं. पाचव्या जागेला वायरच नाही, भोकात धूळ आहे. यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं, म्हणजे सगळे लॉक जायलाच हवेत. बाकीचे गेले.

रूपरावांना विचारलं की पंच्याऐंशी सालच्या मे महिन्यात तीन नंबरला काय झालं होतं. हे पन्नाशीचे, सडपातळ, कुणाच्या डोळ्याला डोळा न देणारे. "मले काऊन विचारता?" एवढंच म्हणाले आणि चहा तसाच टाकून बाहेर गेले.

बुधवार, १८ मे

कांतानं सांगितलं. घरी नाही, रस्त्यात सांगितलं, भर उन्हात. देवकाबाईसमोर तो विषय काढायचा नसतो, ती अपशकुन मानते.

मृग लागायच्या आधी दरवर्षी कापसाच्या गाठींची मोजणी होते. मोजणीची रीत अशी: मोजणारा आत जातो, दार बाहेरून कुलूप लावून बंद करतात, आणि किल्ली मात्र आत मोजणाऱ्याच्या हातात. म्हणजे मोजणी संपेपर्यंत एक गाठही आतबाहेर होत नाही, आणि तो स्वतःसुद्धा नाही. मोजून झालं की तो गजांच्या खिडकीतून किल्ली बाहेर धरतो. बाहेरचा ती धरतो, "घेतलं" म्हणतो आणि दार उघडतो. किल्ली आत, कुलूप बाहेर. मला ही युक्ती ऐकूनच कसंसं झालं.

त्या दिवशी आत होते बबनराव, तेव्हाचे गोदामकीपर. बारा वाजता घ्यायला यायचे होते रूपराव. ते आले नाहीत. म्हणतात की देवळीला लग्नाला गेले होते. आत कापूस धुमसला. जाळ असा नाहीच, नुसता धूर. लोक धावले तोवर बबनरावांचा हात गजांतून बाहेर तसाच होता आणि मुठीत किल्ल्या.

तेव्हापासून तीन नंबर बंद आहे. किल्ल्या लक्ष्मणरावांच्या कपाटात पत्र्याच्या डब्यात आहेत. कुणाच्या ताब्यात, ते रजिस्टरात कोरंच.

मी कांताला म्हटलं की रजिस्टरातली तीच तारीख कुणीतरी यंत्रात भरली असणार. ती हो म्हणाली. ती माझ्यासाठी हो म्हणाली, हे मला कळलं.

शनिवार, २१ मे

व्ह्यूमध्ये रांगेत पुढचा कोण हा रकाना आज जोडला. जोडला नसता तर बरं झालं असतं.

तीन नंबरपुढे नाव आलं: रूपराव.

ते नेमके मागे उभे होते. त्यांनी वाचलं. मग खाली बसले आणि सगळं सांगितलं, मी विचारलं नव्हतं तरी. लग्नाला गेलेच नव्हते. वेळेवर आले होते. "धूर पाहून राह्यलो होतो, मॅडम. त्याचा हात बाहेर होता. घे म्हने, रूपराव, घे. मी भेलो. घेतलं म्हनलं असतं तर दार मलेच उघडाव लागलं असतं." आणि ते पळाले. तीन वर्षं देवळीच्या लग्नाची गोष्ट सांगत राहिले.

मला त्यांची कीव आली नाही. राग आला, आणि रागापेक्षा भीती.

मंगळवार, २४ मे

सदाचं पत्र. चिमीला तो शब्द फार आवडलाय. काहीही पुढे केलं की खसकन ओढते आणि ओरडते, "घेतलं!" सोबत तिच्या हाताचा रंगातला ठसाही पाठवलाय. मी तो पुस्तिकेच्या कागदांत ठेवला. वाढदिवसाला अकरा दिवस राहिले.

आज पुस्तिका संपवायची म्हणून दुपारी ऑफिसातच थांबले. सगळे जेवायला गेले होते. प्रकरण सहावं लिहीत होते. वाक्य असं होतं: "ताबा धरणारा निघून गेल्यास त्याची नोंद सोडवण्याचा एकच मार्ग आहे, तो म्हणजे दुसऱ्यानं ती स्वीकारणं." शेजारची खुर्ची करकरली. कुणीतरी उठलं. बाजूला उभं राहिलं, हात पुढे करून, जसे सगळेच इथे उभे राहतात. मी वाक्यात गुंतलेली. मान वर न करता डावा हात पुढे केला आणि म्हणाले—

मी म्हणाले, "घेतलं."

हातात जड काहीतरी आलं. गरम.

खुर्ची रिकामी होती. खोलीत जळक्या कापसाचा वास.

बुधवार, २५ मे

लक्ष्मणरावांनी माझ्यासमोर डबा उघडला. कपाटाला कुलूप होतं, डब्यालाही होतं. आत काही नाही. किल्ल्या माझ्या हातात, एकूण चार, एक लांब दांड्याची. ते घाम पुसत राहिले. मी त्या पुढे केल्या आणि घ्या म्हटलं. ते दोन पावलं मागे सरले. एवढा प्रेमळ माणूस.

व्ह्यूत तीन नंबरची ओळ बदललीय. ताबा: हेमलता, म्हणजे मी. वेळ: बावीस तास. पुढचा: कोरं.

एक गोष्ट लिहून ठेवते. बबनरावांचा राग येत नाही. तीन वर्षं हात बाहेर धरून उभा राहिलेला माणूस, कुणीतरी एकदाचं घेतलं म्हणालं. मी असते तर मीही सोडल्या असत्या.

शुक्रवार, २७ मे

टेबलावर ठेवून घरी गेले. देवकाबाईनं ताट वाढलं आणि माझ्या मुठीकडे बघून थांबली. मूठ उघडली. किल्ल्या.

विहिरीत टाकायला गेले. हात विहिरीवर धरला. बोटं उघडेनात. माझीच बोटं. कांतानं ओढून काढलं मला, पण किल्ल्यांना तिनं हात लावला नाही. म्हणाली, "मले मागू नोका मॅडम, पाया पडतो तुमच्या." आणि खरंच वाकली. मला लाज वाटली. मी मागणारच होते.

रविवार, २९ मे

रूपराव सुटल्यासारखे दिसतात. जेवतात, हसतात, माझ्या डोळ्याला डोळा देतात.

संस्थेच्या फाटकापर्यंत जाते. मग वाटतं, काहीतरी उघडं टाकलंय. परत येते. सगळं बंद असतं. पुन्हा जाते. आज सात वेळा.

मंगळवार, ३१ मे

स्टेशन. बॅग, तिकीट, सगळं घेऊन. गाडी आली. पायरीवर एक पाय ठेवला. दांडा धरायचा तर मूठ उघडायला हवी. उघडेना. दुसऱ्या हातानं धरलं, तर पाय—. पाय उचललाच नाही. गाडीतली एक बाई ओरडत होती की चढा ना, चढा. गाडी गेली. मी फलाटावर बसून रडले. हमालानं पाणी आणून दिलं.

सदाला तार केली: काम अडलंय, येऊ शकत नाही. चिमीला काय सांगेल?

बुधवार, १ जून

विचार करतेय, शांतपणे. हे माझं काम आहे, मला येतं हे. लॉक का सुटत नाही? कारण काम अर्धवट राहिलंय. बबनरावांची मोजणी पुरी झालीच नव्हती, किल्ली कुणी रीतसर घेतलीच नव्हती. म्हणजे मोजणी पुरी करायची, किल्ली खिडकीतून द्यायची, कुणीतरी घ्यायची, दार उघडायचं. काम पूर्ण, ताबा संपला.

लक्ष्मणरावांना सांगितलं. त्यांनी व्ह्यूचा छापील कागद माझ्यापुढे सरकवला. वरूनही पत्र आलंय की तिन्ही गोदामांचे आकडे पाहिजेत. "कागदावर तुमचंच नाव हाये, मॅडम." माझाच कागद. माझीच रचना.

घ्यायला कोण? रूपराव स्वतःहून पुढे आले. लेकरांची शपथ घेतली, लेकराच्या डोक्यावर हात ठेवून. बारा वाजता खिडकीशी उभा राहीन म्हणाले.

दार नुसतं लोटून का मोजू नये, असं कांता म्हणाली. पण रीत मोडून केलेली मोजणी मोजणीच नाही, आणि मला सुटायचंय. परवा, शुक्रवारी. चार तारखेची संध्याकाळ मी गाठू शकते, उशिरा का होईना.

शुक्रवार, ३ जून, सकाळी सव्वाअकरा

आत आहे. रूपरावांनी बाहेरून कुलूप दाबलं, खट्ट झालं. ऊन आहे, उजेड भरपूर, खिडकीतून आवार दिसतं, कडुलिंब दिसतो. भ्यायचं कारण नाही. डायरी आणि पेन बरोबर घेतलंय.

खिडकीखाली फरशी झिजलीय. दोन पावलांएवढी.

अकरा पन्नास

एकसष्ट गाठी. दोनदा मोजल्या. कांतानं खिडकीतून आकडा घेतला आणि यंत्रात भरायला गेली. रूपराव झाडाखाली उभे आहेत. दिसताहेत मला.

बारा दहा

रूपराव आले. खिडकीपर्यंत. मी हात बाहेर काढला. ते किल्ल्यांकडे बघत राहिले. ओठ हलले. मग म्हणाले, "माफ करजो, बाई." आणि गेले. पळत नाही, चालत गेले. फाटकाबाहेर. देवळीकडची बस बारा वीसला असते.

बारा पस्तीस

ओरडून घसा बसला. लक्ष्मणराव वर्ध्याला गेलेत. मुद्दाम गेलेत. कांता आली, रडतेय. किल्ली घेत नाही. मी तिला दोष देत नाही. ती म्हणाली की बाजारातून लोहार आणतो, कुलूपच तोडतो. शाब्बास पोरी. हे मला का सुचलं नाही! कुलूप तोडायचं, बस. किल्लीची गरजच नाही.

जाताना तिनं यंत्रातला ताजा कागद गजांतून आत टाकला. आणि हसून, मला बरं वाटावं म्हणून सांगितलं की पोस्टमन तार देऊन गेला. तार कालची आहे, आज मिळाली. सदा येतोय. चिमीला घेऊन. वाढदिवस आईजवळच करायचा म्हणे. एकच्या पॅसेंजरनं. लोहाराला निरोप देऊन ती स्टेशनावर जाईल आणि दोघांना इकडेच घेऊन येईल.

माझी चिमी येतेय. मी हसतेय. खरंच हसतेय.

बारा पंचेचाळीस

कागद आत्ता वाचला.

गोदाम नंबर तीन. गाठी एकसष्ट. ताबा: हेमलता. पुढचा कोण: मृणाल.

मृणाल हे चिमीचं पाळण्यातलं नाव. इथे मी कुणाला सांगितलेलं नाही. तार सदाच्या नावानं आहे. कुणालाच माहीत नाही इथे—

कांता गेली. कांता! कुणी नाही. आवारात कुणी नाही. ऊन नुसतं.

एक वाजला असेल

गाडीची शिट्टी ऐकू आली.

वास येतोय. गाठींच्या खालच्या थरातून. धूर नाही अजून. नुसता वास.

किल्ल्या खिडकीपासून लांब नेल्या. मागच्या भिंतीपर्यंत. मूठ पोटाशी धरून बसले. बाहेर हात काढायचाच नाही. मी इथेच राहीन, चालेल मला. तीन वर्षं, तीस वर्षं. पण ती नाही. लोहार येईल. लोहार आधी आला पाहिजे.

सदा, हे वाचलंस तर तिला इथून ने. तिच्या हातात काही देऊ नकोस. तो शब्द तिला मीच शिकवला. पत्रातून. हसत हसत.

एक पंचवीस

मी खिडकीशी उभी आहे. कधी उठले माहीत नाही. पाय त्या झिजलेल्या फरशीवर. डायरी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून उजव्या हातानं लिहितेय, कारण उजवा अजून माझा आहे. डावा बाहेर आहे. ओढते, येत नाही.

धूर गुडघ्यापर्यंत.

फाटकातून येताहेत. कांता, सदा, बॅग. लोहार मागे आहे, लांब, म्हातारा आहे, हळू—

चिमीनं पिवळा फ्रॉक घातलाय. मला बघितलं तिनं. हात सोडवला सदाचा. धावतेय.

ओरडतेय मी, आवाज निघत नाही. धूर. सदाला वाटतं मी बोलावतेय. हसतोय तो.

ती खिडकीखाली. टाचा उंच. किल्ल्या उन्हात चमकतात, तिला चमकणारं आवडतं. धरल्या. तिचा हात किती गार आहे. चिमे, सोड. माझी बोटं उघडायला लागलीत, मी नाही उघडत, आपोआप— चिमे, आईकडे बघ, बोलू नकोस, काहीही बोल पण तो एक—

तोंड उघडलं तिनं